रोडबाईकचा पुढचा गिअर पडत नाही? शिफ्टर बदलायच्या आधी एवढं बघा

गेल्या पावसाळ्यात पन्हाळ्याहून उतरलो, वाघबीळ मागं टाकलं आणि सपाटीला मोठी रिंग (पेडलजवळच्या दोन दातेरी चकत्यांपैकी मोठी) टाकायला म्हणून शिफ्टरचा, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या यंत्रणेचा, डावा लिव्हर आत ढकलला तर हाताला काही लागेचना, ना क्लिक ना जोर, नुसता लुळा हलतोय. तसाच छोट्या रिंगवर कोल्हापूरपर्यंत आलो. एका दुकानात दाखवली तर हात लावायच्या आधीच सांगितलं, शिफ्टर गेला, नवीन जोडीच टाका. मन होईना म्हणून घरी खोलून बघितलं तर तुटलेलं काहीच नव्हतं, आतलं ग्रीस सुकून चिकट झालेलं आणि त्यात खटका अडकून बसलेला. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण चांगले शिफ्टर असेच काढून टाकले जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पुढच्या डिरेलरला (चेन एका रिंगवरनं दुसरीवर ढकलणारा पिंजरा) मोठ्या रिंगकडं केबल ओढते आणि छोट्या रिंगकडं त्याची स्वतःची स्प्रिंग परत आणते. (बहुतेक सगळ्या रोडबाईकला असंच असतं.) त्यामुळं चेन मोठीवर चढत नसेल तर ओढण्यात गडबड आहे, म्हणजे केबल सैल झालीय, तुटलीय किंवा शिफ्टर धरत नाही. आणि मोठीवरनं खाली उतरतच नसेल तर केबल कुठंतरी अडकतीय नाहीतर डिरेलरचे सांधे जाम झालेत, तिथं शिफ्टरचा नंबर शेवटी येतो. अजून एक, शिफ्टरला दोन लिव्हर असतात, मोठा केबल ओढतो आणि छोटा सोडतो; छोटा लिव्हर हलका दाबला की डिरेलर जरासाच सरकतो आणि चेन तिथंच राहते, तो बिघाड नाही, त्याला ट्रिम म्हणतात, चेन पिंजऱ्याला घासू नये म्हणून दिलेला अर्धा खटका आहे.

आता तपासणी. केबल फ्रेमच्या खालच्या दांडीवरनं उघडी जात असेल तर तुमचं काम सोपं आहे. मागचं चाक उचलून धरायला कुणालातरी सांगा, चेन छोट्या रिंगवर ठेवून एका हातानं पेडल फिरवा आणि दुसऱ्या हातानं ती उघडी केबल धनुष्याच्या दोरीसारखी बाहेर ओढा, बोटं चेनपासून लांब ठेवून. चेन झटकन मोठीवर गेली तर डिरेलर आणि खालची केबल ठीक आहे, दोष वर आहे. नाही गेली तर खाली वाकून बघा, पेडलच्या धुरीखाली प्लॅस्टिकचं एक गाइड असतं ज्यातनं केबल वळते, तिथं चिखल नुसता थापलेला असतो. आपल्याकडं ऊसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकाबरोबर शेतातली माती डांबरावर येते आणि ती बरोबर इथंच जाऊन बसते.

केबल आतनं जात असेल तर, किंवा तरीही शंका राहिली तर, सरळ डिरेलरवरचा केबलचा बोल्ट सैल करा. केबल कुठं धरलेली होती तिथं आधी मार्करनं खूण करा, फोटो पण काढून ठेवा. आता डिरेलर बोटानं ढकलून सोडा, तो टणकन मागं आला पाहिजे, रेंगाळत आला तर सांध्यात तेल सोडा आणि हलवत राहा. मग छोटा लिव्हर तीनचार वेळा दाबून शिफ्टर पार खाली आणा, केबलचं मोकळं टोक पकडीत धरून ताण द्या आणि मोठा लिव्हर दाबा. केबल आत ओढली गेली आणि तिथंच थांबली, छोटा दाबल्यावर सुटली, तर शिफ्टर चांगला आहे, विषय संपला. ताण देताना केबलच हातात आली तर ती वर शिफ्टरमध्ये तुटलीय. अशा वेळी उगाच क्लिक करत बसू नका, बारीक तारा खटक्यात गुंततात, शिफ्टरवरचं रबर मागं सारून चिमट्यानं तुकडा आणि केबलचं मुंडकं बाहेर काढा.

केबल शाबूत आहे पण लिव्हर लुळाच, तर ग्रीस. रबर मागं घ्या, नळीवाला डिग्रीजर स्प्रे आत मारा, दोन्ही लिव्हर दाबत राहा, दहा मिनिटं थांबा, परत मारा. माझ्यात तिसऱ्या वेळी पहिला क्लिक ऐकू आला. खाली जुनं कापड धरा, रिमवर, डिस्कवर किंवा ब्रेक पॅडवर एक थेंबही जाऊ द्यायचा नाही. आणि डिग्रीजर मारून तसंच सोडू नका, सगळं निथळलं की पातळ तेल द्या, नाहीतर कोरडं घासून खरंच जाईल. शिमानो कंपनीचा शिफ्टर मात्र आतनं सुटा करायच्या नादाला लागू नका, स्प्रिंग उडाली की परत बसवणं अवघड.

केबल बदलायची झाली तर गिअरची 1.2 मिलिमीटरची घ्या, ब्रेकची जाड असते ती चालत नाही, आणि आऊटर (केबलवरचं बाहेरचं आवरण) पण गिअरचाच, 4 मिलिमीटरचा. लावताना शिफ्टर छोट्या रिंगच्या खटक्यावर, चेन पुढं छोट्या आणि मागं सगळ्यात मोठ्या चकतीवर, मग हातानं ताणून बोल्ट घट्ट. डिरेलर दोन्हीकडं किती सरकेल ते ठरवणाऱ्या दोन्ही लिमिट स्क्रूला हात लावू नका, ते कालपर्यंत बरोबर होते तर आजही बरोबरच आहेत. नवीन केबल आधी थोडी सैल पडते, रंकाळ्याला दोनतीन चकरा मारून आलं की परत एकदा ताणून घ्या.