संपणारा खेळ कसा करावा

साताऱ्याच्या आमच्या घराच्या गच्चीवर एप्रिल-मे महिन्यांत वाळवणं पडायची. पापड, कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या चिकवड्या. दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून यायचं, खालून आत्याची हाक यायची, "वळीव आला गं!" आणि घरातली लहानथोर सगळी जिन्याकडे पळायची. पहिला टपोरा थेंब पडेपर्यंत दीडेक मिनिट मिळायचं. मी स्वतःचा म्हणून जो पहिला गेम केला तो या दीड मिनिटाचा आहे. नाव 'वाळवण'. ढग येतो, पाऊस पडायच्या आत गच्चीवरचं उचलायचं, बस.

तुम्हालाही पहिला गेम करायचा असेल, तर तो कसा करावा हे या 'वाळवण'च्या आधाराने सांगते. पण माझी एक अट आहे आणि ती आधीच सांगते: गेम संपणारा हवा.

ही अट कुठून आली? मी बारा वर्षं पुण्यात मोबाइल गेमची प्रोग्रामर आहे. एका कंपनीत माझ्याकडे बक्षिसांचं कॅलेंडर करायचं काम आलं. रोज गेम उघडा, रोज नाणी घ्या, सातव्या दिवशी मोठी पेटी. मध्ये एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मी ते मन लावून केलं. एकही बग ठेवला नाही. त्या दिवाळीत बहिणीकडे गेले, तर नऊ वर्षांचा भाचा पहाटे अभ्यंगाच्या पाटावर बसून रडत होता. त्याला फोन हवा होता, कारण त्याचा सहावा दिवस होता. गेम कुठला, हे विचारायची गरजच नव्हती. स्क्रीनवरची ती पेटी मी ओळखली. तेव्हापासून गेम कुठे सुरू होतो यापेक्षा तो माणसाला कुठे सोडतो, हे मी आधी बघते.

म्हणून पहिलं काम कागदावर. वहीत तीन वाक्यं लिहा: हात काय करतो, अडथळा काय आहे, शेवट कशाने होतो. माझी अशी होती: बोटाने पापड उचलायचा. ढग जवळ येतो आहे. पाऊस आला की संपलं. तिसरं वाक्य लिहिता येत नसेल, तर कॉम्प्युटर उघडू नका. त्याच पानाच्या मागे 'नको'ची यादी करा. माझ्या यादीत लेव्हल, नाणी, दुकान, लॉगिन, जाहिराती, जगभरातल्या गुणांची क्रमवारी आणि मांजर होतं. मांजर काढताना वाईट वाटलं, पण ते पापड पळवणारं मांजर आलं असतं तर चार शनिवार-रविवारांत गेम झाला नसता. पहिला गेम पूर्ण होण्यासारखं दुसरं शिक्षण नाही, आणि तो पूर्ण होतो तो याच मागच्या पानामुळे.

हत्यार म्हणून गोडो घ्या, म्हणजे गेम बांधायचं सॉफ्टवेअर, गेम इंजिन. २०१४ साली हे इंजिन मुक्त स्रोत झालं, एमआयटी परवान्यावर मिळतं, म्हणजे गेम विकलात तरी कुणाला काही द्यावं लागत नाही. झिप उघडायची आणि आतली फाइल चालवायची, इन्स्टॉल करण्याची भानगड नाही. २०२३च्या सप्टेंबरमध्ये युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या कंपनीने दर इन्स्टॉलमागे शुल्क लावण्याची घोषणा केली होती आणि वर्षभराने ती मागे घेतली. मधल्या काळात किती छोट्या गेमवाल्यांची झोप उडाली ते मी जवळून पाहिलं. पहिल्या गेमला तो घोर नको.

गोडोत पापड म्हणजे एक सीन, पुन्हा पुन्हा वापरता येणारा भाग: एरिया टूडी (स्पर्श ओळखणारी जागा), त्याच्या पोटात स्प्राइट (चित्र) आणि कोलिजन शेप (त्या जागेचा आकार). पापड एकदाच बनवा आणि गच्चीच्या सीनमध्ये त्याच्या तीस प्रती पसरा. चित्रं काढता येत नसतील तर अडून बसू नका. मी काळ्या कापडावर खरे पापड ठेवून खिडकीच्या उजेडात फोटो काढले आणि पार्श्वभूमी पुसून टाकली. खऱ्या पापडाच्या कडा जशा वेड्यावाकड्या असतात, तशा मला हाताने कधी जमल्या नसत्या.

ढग सरकवताना मात्र एक चूक हमखास होते. माझीही झाली. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलेल तेव्हा तेव्हा, ढग ठरावीक पिक्सेल पुढे, असं मी लिहिलं. माझ्या फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो. तिथे पाऊस बरोबर ९० सेकंदांनी येत होता. मैत्रिणीच्या नव्या फोनचा पडदा १२० वेळा बदलतो. तिच्याकडे पाऊस ४५ सेकंदांत आला आणि बिचारीचे निम्मे पापड भिजले. गोडोत दर फ्रेमला चालणाऱ्या प्रोसेस फंक्शनला डेल्टा नावाची एक संख्या मिळते, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. वेग सेकंदाच्या हिशेबात ठरवायचा आणि त्याला डेल्टाने गुणायचं. जे जे हलतं त्या सगळ्याला हा नियम.

आता मराठीबद्दल जरा सविस्तर, कारण ही माहिती मला एका जागी कुठे मिळाली नाही आणि माझे दोन रविवार त्यात गेले.

देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही. 'पि'मधली वेलांटी टाइप होते नंतर, पण दिसायला हवी आधी. 'क्ष' तीन चिन्हांचा बनतो. ही जुळणी करणारी हार्फबझ नावाची लायब्ररी गोडो ४ मध्ये आहे, त्यामुळे जोडाक्षरं नीट येतात. ज्या इंजिनात अशी जुळणी नसते, तिथे 'पिशवी'ची वेलांटी उजवीकडे जाऊन बसते. कुठलंही इंजिन निवडा, आधी एक चाचणीचं वाक्य लिहून बघा. माझं वाक्य: 'वाऱ्याने क्षणात कुऱ्हाडीची पिशवी उडाली.' अर्थ सोडा. त्यात 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' आहेत, 'क्ष' आहे, वेलांटी आहे. 'वाऱ्याने'मधला र चंद्रकोरीसारखा आडवा न दिसता पाय मोडलेला दिसला, तर फॉन्ट बदला.

दुसरी खोच त्याहून फसवी. माझ्या लॅपटॉपवर सगळी मराठी छान दिसत होती. ब्राउझरसाठी एक्स्पोर्ट केलं, म्हणजे तिथे चालेल अशा फाइली काढल्या, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी चौकोन आला. झालं होतं असं, की गोडोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. लॅपटॉपवर तो गुपचूप विंडोजचा फॉन्ट उसना घेत होता. ब्राउझरमध्ये अशी उसनवारी चालत नाही. म्हणून देवनागरी फॉन्टची फाइल प्रोजेक्टमध्येच ठेवा आणि थीममध्ये, म्हणजे गेमभरच्या मजकुराच्या सेटिंगमध्ये, तो फॉन्ट लावा. मी मुंबईच्या एक टाइप या गटाचा 'बलू' घेतला. तो मोफत आहे, आणि त्याचा गुबगुबीतपणा सांडग्यांना शोभतो.

तिसरी गोष्ट: मजकूर एकेक अक्षर उमटत जावा असं वाटत असेल, तर लेबलच्या (मजकूर दाखवणाऱ्या घटकाच्या) सेटिंगमध्ये 'व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर' शोधा आणि 'आफ्टर शेपिंग' निवडा. नाहीतर 'क्षण' उमटताना आधी 'क', मग 'क्', मग 'क्ष' असं होत डोळ्यांना बोचत राहतं.

आवाजाचंही एक सांगायलाच हवं. आत्याला म्हटलं, तुमची ती हाक रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पाठवली. फाइल ऑगची होती, पण गोडो ती घेईना. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटमध्ये आत ओपस असतं आणि गोडोला हवं असतं व्हॉर्बिस; आवाज साठवायच्या या दोन वेगळ्या पद्धती. बाहेरचं वेष्टन तेवढं सारखं. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये उघडून ऑग व्हॉर्बिस म्हणून पुन्हा साठवली की काम होतं. शिवाय माणसाने पडद्याला हात लावेपर्यंत ब्राउझर आवाज वाजू देत नाही. तेव्हा 'सुरू करा' असं बटण ठेवा आणि हाक त्यानंतर वाजवा.

एवढं झालं की गेम कुणाच्या तरी हातात द्या. शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. 'इथे दाब' म्हणायचं नाही, हसायचं नाही, मान डोलवायची नाही. वहीत फक्त लिहायचं: हात कुठे अडला, डोळे कुठे गेले, कपाळावर आठी कधी आली. माझ्याकडे आठ जणांनी खेळून पाहिला. सगळ्यात जास्त शिकवलं आत्याने. तिने दोन पापड उचलले आणि कुरडयांपाशी थांबली. म्हणाली, "अगं, ओल्या कुरडया अशा एकेक कोण उचलतं? मोडतील ना. चारी टोकं धरून अख्खं प्लास्टिकच आत न्यायचं."

माझा गेम तिथे खऱ्या अर्थाने जन्मला. वाळलेलं एकेक बोटाने उचलायचं. ओलं असेल तर दोन बोटांनी प्लास्टिकची टोकं धरून अलगद सरकवायचं, घाई केली तर कुरडया एकमेकींवर पडून गोळा. काय वाळलंय आणि काय ओलं आहे हे रंगावरून ओळखायचं. दोन बोटांसाठी स्क्रीन टचचा इव्हेंट घ्यावा लागतो, त्यात प्रत्येक बोटाला वेगळा क्रमांक मिळतो. माउसवर दोन बोटं नसतात, तिथे बटण दाबून हळू ओढायचं असं ठेवलं. आणि दाबायच्या जागा मोठ्या हव्यात: अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत ४८ डीपी (पडद्यावरच्या मापाचं एकक), म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर, हे कमीत कमी माप दिलंय. आत्याच्या बोटाला मी त्याच्या दीडपट दिलं.

मग शेवट. पाऊस आला की मी आकडे दाखवत नाही. रात्रीचं स्वयंपाकघर दिसतं, आणि जितकं वाचवलं तितकं डब्यात. खाली दोन बटणं, 'पुन्हा' आणि 'पुरे', दोन्ही एकाच मापाची, एकाच रंगाची. एक मोठं नि चमकणारं आणि दुसरं कोपऱ्यात फिकट, असं मी नोकरीत अनेकदा केलं आहे; इथे करायचं नाही. वेबपान स्वतःहून टॅब बंद करू शकत नाही, त्यामुळे 'पुरे' दाबल्यावर काय करायचं हा प्रश्नच होता. मी दिवा मालवला. पडदा हळूहळू काळा होतो, पावसाचा आवाज तेवढा राहतो, आणि तोही अर्ध्या मिनिटात थांबतो. उद्या या, अशी आठवण नाही, नोटिफिकेशन नाही.

व्हिएतनामच्या डोंग गुयेनने २०१४च्या फेब्रुवारीत ऐन भरात असलेला आपला 'फ्लॅपी बर्ड' हा मोबाइल गेम अ‍ॅपच्या दुकानांतून काढून टाकला, कारण लोकांना त्याचं व्यसन लागतंय असं त्याला वाटलं. तेव्हा मला तो वेडेपणा वाटला होता. तळ नसलेलं पान, म्हणजे सरकवत राहा आणि ते येतच राहतं, ही कल्पना २००६ साली एझा रास्किन या डिझायनरने रचली आणि पुढे जाहीरपणे तिचा पश्चात्ताप केला. दोघांनाही नंतर कळलं. तुम्ही आणि मी हे आधीच ठरवू शकतो. करताना ते एका बटणाच्या मापाइतकं सोपं असतं.

प्रकाशनाला पहिली जागा इच डॉट आयओ, छोट्या गेमवाल्यांची वेबसाइट. पैसे लागत नाहीत. गोडोमधून वेबसाठी एक्स्पोर्ट करा, मुख्य फाइलचं नाव 'इंडेक्स' ठेवा, सगळ्याची झिप चढवा, ब्राउझरमध्ये खेळता येईल अशी खूण करा. गोडो ४.३ किंवा पुढचं असेल तर एक्स्पोर्टमध्ये थ्रेड (कामं समांतर चालवण्याची सोय) बंद ठेवा. नाहीतर पान उघडलं तरी गेम सुरू न होण्याची शक्यता असते. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या दुकानावर दर गेमला १०० डॉलर लागतात, ते १००० डॉलरची कमाई झाल्यावर परत मिळतात. गूगल प्लेला एकदाच २५ डॉलर, पण नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. दोन्ही दुसऱ्या गेमला बघा.

सोशल मीडियाचा उपयोग करा, पण सूचना फलकासारखा: गेम आहे, इथे आहे, एवढं सांगायला. दहा सेकंदांचा उभा व्हिडिओ घ्या आणि पहिल्याच सेकंदाला हात काहीतरी करताना दिसू द्या. नाव, लोगो, तुमचा चेहरा नंतर. मी पहिल्या व्हिडिओत चार सेकंद नुसतं नाव दाखवलं होतं. तो कुणी पाहिला नाही. दुसऱ्यात कुरडयांचं प्लास्टिक सरकत होतं आणि मागून आत्याची हाक. तो साताऱ्या-सांगलीच्या कितीतरी घरांतल्या ग्रुपवर फिरला. टाकला की अ‍ॅप बंद करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाच बघा. तीनशे जणांना आवडला या आकड्यातून त्यांचा हात कुठे अडला ते कळत नाही. 'छान' ही प्रतिक्रिया मी उतरवून घेत नाही. 'माझ्या आईला टोकं सापडली नाहीत' ही लगेच घेते.

नंतरच्या दुरुस्त्यांना आठ दिवस द्या, तारीख आधीच कॅलेंडरवर लिहा. माझ्या त्या आठ दिवसांत तीन गोष्टी झाल्या: टोकांना धुण्याच्या लाकडी चिमट्यांची खूण आली, डावखुऱ्यांसाठी जिना दुसऱ्या बाजूला घेता येऊ लागला, आणि विदर्भातल्या एका बाईंच्या सांगण्यावरून 'सांडगे'च्या जोडीला 'वड्या' आल्या. नवव्या दिवशी मांजराची मागणी आली. ती मी दुसऱ्या वहीत लिहून ठेवली आहे.