आधी तारा, मग सॅडल: अकूस्टिक गिटारचा बसका आवाज मोकळा करताना

गिटार बसकी वाजायला लागली की नवी गिटार बघण्याआधी दोन स्वस्त गोष्टी बदलून पाहाव्यात: तारा आणि सॅडल, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजच्या खाचेत बसवलेली, तारा टेकतात ती पट्टी. मात्र दोन्ही एकाच दिवशी बदलू नका. एकदम बदललं तर कान नेमका कशामुळे सुखावला ते कळत नाही, शिवाय तारा कोऱ्या असताना कुठलंही सॅडल गोडच वाजतं. आधी तारा चढवा, आठ-दहा दिवस वाजवा. नव्या तारांची चकाकी ओसरल्यावरही आवाज पटत नसेल तर सॅडलकडे वळा.

सेटवर लिहिलेला आकडा म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात तारेची जाडी. नेहमीचा लाइट सेट 12, 16, 24, 32, 42, 53 असा असतो. त्याखाली 11 ते 52 आणि सगळ्यात बारीक 10 ते 47. सुरात लावल्यावर 12 चा सेट ब्रिजला मिळून 70 किलोहून जास्त ताणतो, 10 चा साधारण 60 च्या आसपास. ताण जास्त तसा टॉप, म्हणजे गिटारची पुढची फळी, जास्त हलतो, खर्ज भरतो. पण ब्रिजच्या मागे फुगवटा आलेल्या किंवा ट्रस रॉडच (मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) नसलेल्या स्वस्त गिटारवर 12 चढवणं म्हणजे ब्रिज उखडायला आमंत्रण. तिथे 11 वरच थांबा. आणि नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीच नकोत, तिचा टॉप तेवढ्या ताणासाठी बनवलेला नसतो.

धातूत मुख्य निवड दोनच. ज्याला 80/20 ब्रॉन्झ म्हणतात त्यात 80 भाग तांबं आणि 20 भाग जस्त असतं. भांड्यांच्या दुकानात याला सरळ पितळ म्हणतील. आवाज खणखणीत, पण लवकर उतरतो. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये तांब्याबरोबर कथील आणि जरासा फॉस्फरस, म्हणजे जात कांशाची. ह्या तारा 1974 साली डॅडारिओने आणल्या. आवाज थोडा ऊबदार आणि टिकाऊ. मोठ्या अंगाची ड्रेडनॉट गिटार खर्जात गढूळ वाटत असेल तर 80/20 लावा. लहान अंगाची, किरकिरी असेल तर फॉस्फर ब्रॉन्झ. हाताला फार घाम येत असेल तर कोटिंगवाल्या तारा परवडतात, त्या उन्हाळाभर काळ्या पडत नाहीत.

तार चढवताना सगळ्यात जास्त चुका ब्रिजच्या पिनेपाशी होतात. तारेच्या टोकाचा गोळा पिनेच्या टोकाखाली नव्हे, आतल्या लाकडी पट्टीला खालून टेकला पाहिजे. गोळ्याजवळ तार किंचित वाकवा, भोकात सोडा, पीन अलगद ठेवा आणि तार वर ओढत ओढत पीन दाबा. तार वर सरकायची थांबली की गोळा जागेवर बसला. शंका असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून कॅमेरा साउंडहोलमधून आत धरा, स्पष्ट दिसतं. गोळा लटकता राहिला तर तार सुरात थांबत नाही, आणि कधीतरी पीन टुणकन उडून तोंडावर येते. खुंटीवर जाड तारेचे दोन-तीन वेढे पुरेत, बारीकचे तीन-चार. वेढे खाली खाली उतरत जावेत. सूर लावताना नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी) ‘टंग’ असा आवाज येत असेल तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

आता सॅडल. स्वस्त गिटारवर बहुधा हलकं, कधीकधी आतून पोकळ प्लास्टिक असतं. पर्याय म्हणजे हाड किंवा टस्क नावाचं कृत्रिम साहित्य. हाड नको असणाऱ्यांनी टस्क बिनदिक्कत घ्यावं. खरं सांगायचं तर हाडाची जादू म्हणून जी सांगतात, तिच्यात बराचसा वाटा सॅडल खाचेत नीट बसण्याचा असतो. वाकडं बसलेलं हाड नीट बसलेल्या प्लास्टिकपुढे हरतं.

घासण्याआधी ऋतू बघा. मराठवाड्यात ही पायरी चुकली की पुढची सगळी मेहनत वाया. एप्रिल-मे मध्ये परभणी-नांदेडकडे पारा 42 च्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत होते. लाकूड आकसतं, टॉप खाली बसतो, तारा फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, जवळ येतात आणि झरझर सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड ओल पिऊन फुगतं, तारा वर जातात. भर पावसाळ्यात तारा उंच वाटल्या म्हणून सॅडल घासलं की पुढच्या मे मध्ये ते नक्की कमी पडणार. आणि घासलेलं हाड परत वाढत नाही. म्हणून एकच सॅडल करायचं तर ते कोरड्या दिवसांत मोजून करा, पावसाळ्यात तारा थोड्या उंच राहिल्या तरी वाजवता येतं. टॉप घन लाकडाचा असेल तर दोन करणं उत्तम: उन्हाळी थोडं उंच, पावसाळी अर्धा ते एक मिलिमीटर बुटकं. प्लायवुडच्या टॉपला एवढा फरक पडत नाही, पण मान तिथेही हलते. रात्रभर कूलर आणि दिवसा पत्र्याखालची भट्टी, अशा खोलीत उघडी ठेवलेली गिटार मोजून उपयोग नाही. दोन-तीन दिवस केसमध्ये ठेवा, मग मोजा.

मोजायचं असं. तारा सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि मान जिथे अंगाला मिळते त्या फ्रेटवर सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार दाबा. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट 0.15 ते 0.25 मिलिमीटर हवी. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये टॅपेट सेट करतात तेच फिलर गेज इथे चालतं. फट जास्त असेल तर आधी ट्रस रॉड, एका वेळी पाव फेराच. मानेचा दोष सॅडल घासून झाकू नका. मग कॅपो काढून बाराव्या फ्रेटवर तारेची उंची घ्या: सहाव्या तारेला 2.5 आणि पहिलीला 1.8 ते 2 मिलिमीटर बहुतेकांना सोयीचं पडतं. बाराव्या फ्रेटवर जेवढं कमी करायचं, त्याच्या दुप्पट सॅडलचं घासावं लागतं. सहावी 3.2 वर आहे, 2.5 हवी, फरक 0.7, म्हणजे त्या टोकाला 1.4 मिलिमीटर जाणार. एवढं घासल्यावर सॅडल ब्रिजच्या वर 2 मिलिमीटरही उरत नसेल तर थांबा. तारेचा सॅडलवरचा दाब कमी होऊन आवाज आणखी बसेल. तिथे दुखणं मानेच्या कोनात आहे आणि ते कारागिराचं काम आहे.

जुनं सॅडल काढायला पकडीच्या तोंडाला टेप गुंडाळा आणि सरळ वर ओढा, डावी-उजवीकडे हलवू नका, खाचेची कड तुटते. व्हर्निअर कॅलिपरने लांबी, जाडी आणि दोन्ही टोकांची उंची घ्या. जाडी अंदाजाने ठरवू नका: बाजारात 2.4, 3 आणि 3.2 मिलिमीटर अशी वेगवेगळी येते. कोरं सॅडल खाचेपेक्षा किंचित जाडच मागवा. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत तबला-पेटीचा माल जास्त, त्यामुळे ते ऑनलाइनच घ्यावं लागेल.

सपाट जागा म्हणून स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा झकास. त्यावर दुहेरी टेपने 180 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. तोंडाला मास्क लावा. हाडाची भुकटी फुप्फुसाला वाईट, आणि वासही काही सुगंधी नसतो. आधी जाडी उतरवा. सॅडल बोटाच्या दाबाने खाचेत जावं आणि गिटार उलटी केली तरी पडू नये. हातोडी लागली तर घट्ट, डुगडुगलं तर ढिलं. ढिलं सॅडल तारांच्या ताणाने पुढे झुकतं आणि सूर चढे लागतात.

मग माथा. जुन्या सॅडलची कमान पेन्सिलीने उतरवून घ्या, रेषेच्या वर अर्धा मिलिमीटर राखून बारीक कानशीने घासा. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी मुद्दाम काढतात: रुंद माथ्यावर तार हलकेच घासत राहते आणि तो झणकार हवाच असतो. गिटारच्या सॅडलचा माथा सपाट राहिला तर हीच जवारी नको तिथे निघते. म्हणून तार एकाच बारीक धारेवर टेकून पुढे निघावी आणि मागे पिनेकडे उतार असावा. दुसऱ्या तारेची धार मागच्या कडेला, तिसरीची पुढच्या कडेला ठेवतात. तार लावून बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा आला तर धार पिनेकडे सरकवा, उतरता आला तर पुढे. शेवटी 400, 1000 आणि 2000 चा वॉटर पेपर. खरखर राहिली तर पहिली तार तिथेच तुटते.

उंची नेहमी खालून कमी करा. तळावर पेन्सिलीने रेघोट्या मारा, सॅडल चौकोनी लाकडी ठोकळ्याला टेकवून उभं धरा आणि सगळ्या रेघोट्या सारख्या पुसेपर्यंत घासा. मोकळ्या हाताने धरलं की टोकं जास्त झिजतात आणि तळ होडीसारखा गोल होतो. स्टीलची पट्टी लावून उजेडाकडे धरा, कुठूनही उजेड दिसता कामा नये. सॅडलखाली पिकअप (आवाज ॲम्पकडे पाठवणारी पट्टी) असेल तर हे दुप्पट जपा, नाहीतर ॲम्पवर एक तार ओरडते आणि शेजारची मुकी राहते. प्रत्येक 0.2 मिलिमीटरला बसवून, सूर लावून पुन्हा मोजा. कंटाळवाणं आहे, पण घाई याच टप्प्यावर नडते. जास्त गेलंच तर खाली हाडाची किंवा कठीण लाकडाची पातळ पट्टी घाला. पुठ्ठा नको, तो आवाज पिऊन टाकतो.

कोरड्या महिन्यांत केसमध्ये भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला स्पंज ठेवा, आत आर्द्रता 45 ते 55 टक्के राहील इतपत. पाऊस लागला की डबी काढून घ्या. दुसरं सॅडल लहान पाकिटात घालून त्यावर महिना आणि बाराव्या फ्रेटवरची दोन्ही मापं लिहा, आणि पाकीट केसच्या कप्प्यातच राहू द्या.