वीज गेल्यावर रॉकेल हीटर: किती इंधन, कोणती काळजी

अख्खं घर गरम ठेवायच्या नादी लागू नका. कमी खिडक्यांची एक छोटी खोली धरा आणि सगळे तिथेच राहा. इंधनाचा हिशेबही त्या एकाच खोलीचा करायचा. लिटरभर रॉकेलमधून साधारण 10 किलोवॅट-तास उष्णता मिळते, म्हणजे अडीच किलोवॅटचा वातीचा हीटर तासाला पाव लिटर पितो. रोज 10 तास चालवला तर तीन दिवसांना साडेसात लिटर लागतील. 10 लिटरचा कॅन पुरे. त्यात कधीकाळी पेट्रोल ठेवलेलं असेल तर तो कॅन बाद; थोडं पेट्रोल मिसळलं तरी भडका उडू शकतो.

नवी वात बसवली की टाकी भरून तासभर थांबा. वात कोरडी असेल तर रॉकेलऐवजी तीच जळते आणि तिची कड कडक होते. मग ती नीट वर-खाली होत नाही. पेटवल्यावर दहाएक मिनिटांनी ज्योत पाहा. एकाच बाजूला पिवळी जीभ वर येत असेल तर वात वाकडी बसली आहे किंवा तिथे काजळी धरली आहे. ज्योत तडतडते? रॉकेलात पाणी असेल. थोडं काचेच्या बाटलीत काढून ठेवा, पाणी तळाशी बसलेलं दिसेल.

इंधन वाचवायला वात फार खाली करणं ही नेहमीची चूक. ज्वलन अर्धवट होतं, वास सुटतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो. या वायूला स्वतःचा रंग-वास नसतो, म्हणून बॅटरीवरचा अलार्म हवाच. खिडकी दोन-तीन सेंटिमीटर उघडी ठेवा, कितीही थंडी असो. डोकं जड झालं, मळमळलं तर सगळ्यांनी आधी बाहेर पडायचं. झोपताना हीटर बंद. कोळशाची शेगडी घरात नकोच, निखारे विझत आले तरी विषारी वायू येत राहतो.

टाकी भरायची ती बाहेर, हीटर पूर्ण गार झाल्यावर, नरसाळं लावून. काठोकाठ नाही, कारण गारठलेलं रॉकेल उबेत आल्यावर फुगतं. पडदे, अंथरूण मीटरभर लांब.

गॅस हीटर असेल तर सिलेंडरमध्ये कोणता वायू आहे ते बघा, ब्यूटेन की प्रोपेन. शून्य अंशाच्या आसपास ब्यूटेनची वाफ होणं थांबतं, प्रोपेन मात्र उणे 42 पर्यंत चालतो. ज्योत मंदावली म्हणून सिलेंडर शेकायचा नाही.