रिसेप्टर किती, त्याआधी रिसेप्टर कुठे

एमएस्सीला आपण रिसेप्टर (बाहेरचे संदेश-रेणू पकडणारी पेशीची प्रथिनं) शिकतो ते आकृतीतले, पेशीपटलात रोवलेले, जागचे न हलणारे. पीएचडीला मेंदूतल्या रिसेप्टरच्या ये-जा या विषयात आल्यावर मला आधी तेच चित्र डोक्यातून काढावं लागलं. चेतासंधीवरचे, म्हणजे दोन न्यूरॉनमधल्या जोडावरचे, एएमपीए रिसेप्टर (न्यूरॉनला उत्तेजित करणारा एक प्रकार) सतत आत-बाहेर करत असतात. संधी बळकट होते तेव्हा तिथे त्यांची संख्या वाढते. म्हणून पेशीत एकूण किती यापेक्षा पृष्ठभागावर किती, हे आधी विचारायचं.

आजारात हा फरक जिवावर बेततो. अपस्माराचा झटका थांबेना झाला की न्यूरॉनला शांत करणारे गाबा-ए रिसेप्टर पेशीच्या आत जाऊ लागतात. डायझेपाम, लोराझेपाम ही झटका थांबवायची औषधं या रिसेप्टरवरच काम करतात, त्यामुळे उशीर होईल तसा औषधाचा गुण कमी येतो. त्याच वेळी न्यूरॉनला उत्तेजित करणारे एनएमडीए रिसेप्टर मात्र पृष्ठभागावर वाढतात. हट्टी झटक्यांत एनएमडीए रिसेप्टर अडवणाऱ्या केटामाइनचा विचार होतो तो म्हणूनच.

न्यूरॉलॉजिस्ट जोसेप डाल्माउ यांच्या गटाने २००७ मध्ये मांडलेला मेंदूदाह तर पीएचडीच्या मुलाखतीला जाण्याआधी वाचाच. त्यात शरीराच्याच अँटीबॉडी एनएमडीए रिसेप्टरना एकमेकांशी जखडतात आणि पेशी ते आत ओढते. रुग्ण, बऱ्याचदा तरुण मुली, असंबद्ध बोलू-वागू लागतात आणि घरचे आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात. अँटीबॉडी हटल्या की रिसेप्टर परत येतात, त्यामुळे वेळेत उपचार मिळालेले बरेचजण सावरतात.

लॅबमध्ये तुमच्या हाती बहुधा सरफेस बायोटिनायलेशन येईल, म्हणजे पृष्ठभागावरचीच प्रथिनं वेगळी काढून मोजायची पद्धत. पेशीत न शिरणारं बायोटिन बाहेरच्या प्रथिनांना चिकटवायचं, बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या बीड्सवर ती ओढायची आणि वेस्टर्न ब्लॉट (अँटीबॉडीने प्रथिन ओळखायची चाचणी) करायचा. सगळं बर्फावर, कारण ऊब मिळाली की रिसेप्टर आत शिरतात. लेबलिंगच्या, म्हणजे बायोटिन चिकटवायच्या, बफरमध्ये ट्रिस हे रसायन नको, बायोटिन त्यालाच चिकटून संपतं. ट्रिस वापरायचं ते नंतर, उरलेलं बायोटिन निकामी करायला. आणि ब्लॉटवर पृष्ठभागाच्या प्रथिनांच्या लेनमध्ये (पट्ट्यात) अ‍ॅक्टिनचा ठळक बँड दिसला तर ग्राफ काढत बसू नका, ते पेशीच्या आतलं प्रथिन, म्हणजे पेशी फुटलेल्या आहेत. एखादा पेपर वाचताना मी तरी आधी हीच लेन शोधते.

आयसर पुणे, टीआयएफआर मुंबई, आयआयएससी बेंगळुरू, एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र) मानेसर, पीएचडीला यातल्या कुठल्याही संस्थेत अर्ज करा, पण गाइडआधी तिथल्या सीनियरला भेटा. उंदराच्या पिल्लांचे न्यूरॉन डिशमध्ये पक्व व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. दिवाळीत त्यांचं मीडियम (पोषक द्रव) कोण बदलतं, एवढं विचारून घ्या.