आयटीआयनंतर ‘ट्रेनी’ म्हणून लागताय? आधी करार बघा

फॉर्म कसा भरायचा, मुलाखतीला काय घालायचं, हे मी सांगत बसत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. मला एकाच गोष्टीवर बोलायचंय, अप्रेंटिसच्या (शिकाऊ उमेदवाराच्या) नोंदलेल्या करारावर, कारण तो नसल्याने माझं अख्खं वर्ष गेलं.

फिटर पास झाल्यावर चाकणला एका कंपनीत ठेकेदारामार्फत लागलो. ओळखपत्रावर ‘अप्रेंटिस’ छापलेलं, सुपरवायझरही तसंच म्हणायचे. वर्ष भरत आलं, शिकाऊ उमेदवारीच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचं विचारलं, तेव्हा कळलं की शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर माझ्या नावाचा करारच नाही. नोंदलेला करार नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र नाही. रेल्वेच्या लेव्हल वन (सगळ्यात खालच्या स्तरावरच्या) भरतीत 20 टक्के जागा रेल्वेतच शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी असतात. तिथे ठेकेदाराचं अनुभवपत्र कोणी हातातही घेत नाही.

म्हणून रुजू होण्याआधी करार नोंदणी क्रमांक मागा. ‘नंतर देतो’ म्हणाले तर थांबा. तुमचं वय अठराच्या आत असेल, तर करारावर पालकांची सही लागते. आईवडिलांनी कुठेच सही केली नसेल, तर करार कसला? आणखी एक खूण: 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अप्रेंटिसला कामगार धरत नाहीत, त्याला विद्यावेतन मिळतं. स्लिपवर पीएफ कापलेला दिसला, तर तुम्ही अप्रेंटिस नाही, तुम्हाला साधं कामाला ठेवलंय.

पैसे घेऊन ‘कंपनीत लावतो’ म्हणणाऱ्याच्या दारात उभे राहू नका. एकाचंही भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. त्यापेक्षा आपल्या ट्रेडच्या निदेशकांना विचारा. वर्गात ओरडणारे सरच कुठली कंपनी खरं शिकवते ते नेमकं सांगतात. यूट्यूबवरच्या दादांना तुमचा जिल्हाही माहीत नसतो.

घाबरू नका मात्र. वर्ष गेलं तरी दार बंद होत नाही. मी पुन्हा अर्ज केला, या वेळी रीतसर करार झाला, परीक्षाही दिली. महावितरण, एसटी महामंडळ शिकाऊ उमेदवार घेतात, त्यांच्या जाहिराती बघत राहा. आयटीआय झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाटही आहे. घरची ओढाताण नसेल तर तिचा विचार जरूर करा.

शंका असेल तर जिल्ह्याच्या आयटीआयमधल्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे शिकाऊ उमेदवारांचं काम बघणाऱ्या केंद्रात जा. आधार आणि मार्कशीट सोबत न्या, कंपनीचं नाव सांगा, आणि करार नोंदलाय का ते तिथेच बघून घ्या.