ढवळायचं नाही! घरच्या घरी सोपं पीच कॉबलर

जूनमध्ये पहिले दोन-चार पाऊस होऊन गेले की कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आणि कपिलतीर्थ मंडईत आंब्याच्या पेट्या कमी व्हायला लागतात आणि त्यांच्या जागी लालसर-पिवळी, अंगावर लव असलेली पीच दिसू लागतात. बरेच जण हौसेनं पाव किलो घेतात, घरी येऊन एक चावून बघतात, आंबट आणि टणक लागलं की पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. मला या फळाबद्दल खरंच वाईट वाटतं. आपल्याकडं येणारं पीच बहुतेक हिमाचल-उत्तराखंडातलं. जवळजवळ दोन हजार किलोमीटरचा प्रवास सोसायचा म्हणून ते झाडावरून कच्चंच उतरवतात. तोडल्यावर ते मऊ होतं, त्याला वास सुटतो, पण गोडी फारशी वाढत नाही. त्यामुळं नुसतं खायला ते निराश करतं. भट्टीत घातलं की मात्र हाच आंबटपणा कामाला येतो. साखर आणि लोण्याच्या सोबतीला असं जरा करकरीत फळच लागतं.

कॉबलर हा अमेरिकेतला पदार्थ. इंग्लंडहून तिकडं गेलेल्या लोकांकडं घरच्यासारखी पुडिंग करायला सामान नव्हतं, धड भट्ट्याही नव्हत्या. मग जे फळ मिळेल ते भांड्यात शिजत ठेवायचं आणि वरून पिठाचे गोळे सोडायचे, अशी सुरुवात झाली. ते गोळे गोट्यांच्या फरसबंदीसारखे दिसतात, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. मी इथं सांगते आहे तो त्याहूनही सोपा प्रकार आहे. यात गोळे नाहीत, लाटणं नाही, मळणं नाही. तापलेल्या लोण्यात पातळ पीठ ओतायचं, वर फळ सोडायचं आणि हात मागं घ्यायचा.

फळ निवडणं

यात घाई करू नका, निम्मं कॉबलर मंडईतच ठरतं. मराठीत पीचला सप्ताळू म्हणतात, पण फळवाल्याला पीचच सांगा. लाल गालावर भुलू नका. तो लाल रंग उन्हाचा आणि जातीचा असतो, पिकण्याचा नव्हे. लालीच्या आड जो मूळ रंग दिसतो तो बघा. तो हिरवट असेल तर फळ कच्चं, पिवळा किंवा सायीसारखा असेल तर तयार. मग फळ उलटं करून देठाच्या खड्ड्याशी नाक न्या. पिकलेल्या पीचला तिथं मधासारखा गोड वास येतो. वास नसेल तर बाकी सगळं कितीही छान दिसो, अजून दोन दिवस आहेत असं समजा. अंगठ्यानं मधोमध दाबू नका, तिथं डाग पडतो. देठाजवळ हलकं दाबून बघा, किंचित दबलं की पुरे. कॉबलरसाठी लोण्यासारखं मऊ फळ नकोच, भाजताना त्याचा लगदा होतो.

कच्चं मिळालं तर कागदी पिशवीत एका केळ्यासोबत ठेवा. एक-दोन दिवसांत तयार होतं. पण कच्चं पीच फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्याचं पिकणं बिघडतं, आतून ते कोरडं, पिठूळ होतं आणि मग कशानंही सुधारत नाही. पहिल्या वर्षी मी किलोभर पीच आणून सरळ फ्रिजमध्ये टाकली होती. चार दिवसांनी चिरली तर ओल्या कापसासारखी. तेव्हापासून आमच्याकडं पीच ओट्यावर सुपात राहतात.

साहित्य

आठ इंची चौकोनी किंवा नऊ इंची गोल भांड्यासाठी, सहा माणसांना पुरेल इतकं:

पीच पाऊण किलो (मध्यम आकाराची सहा-सात)
फळात घालायला किसलेला गूळ किंवा साखर ६० ग्रॅम
लिंबाचा रस १ मोठा चमचा
कॉर्नफ्लॉर २ छोटे चमचे
लोणी किंवा बटर ८० ग्रॅम
मैदा १२५ ग्रॅम
साखर १२५ ग्रॅम
बेकिंग पावडर २ छोटे चमचे
दूध २०० मिली, फ्रिजमधलं गार नको
किसलेलं जायफळ पाव छोटा चमचा
मीठ चिमूटभर, तेही बटर बिनमिठाचं असेल तरच

यातल्या दोन गोष्टींबद्दल थोडं सांगायला हवं. गूळ फिकट, पिवळसर बघून घ्या. गडद काळपट गुळाची चव पीचच्या वासावर कुरघोडी करते. पावसाळ्यात डब्यातला गूळ पाझरून ओला झालेला असतो, तसा असेल तर कॉर्नफ्लॉर अर्धा चमचा जास्त घ्या. गूळ फळातच घालायचा, पिठात नाही. दूध आणि गूळ एकत्र तापले की दूध फाटायची भीती असते.

दुसरी गोष्ट बेकिंग पावडर. आपल्याकडच्या दमट हवेत उघडी पाकिटं लवकर मरतात. वाटीभर गरम पाण्यात अर्धा चमचा टाकून बघा. जोरात फसफसली तर चांगली, नुसती विरघळली तर टाकून द्या. या पदार्थाला फुगवणारी ती एकटीच आहे, अंडं नाही.

जायफळाऐवजी दालचिनी चालते, तिकडं ती घालतातही. पण श्रीखंडात आणि पुरणात जायफळाचा वास ओळखीचा असलेल्या घरात जायफळच जास्त आवडतं, हा माझा अनुभव.

फळ तयार करणं

साल काढलीच पाहिजे असं नाही. मी काढते, कारण भाजल्यावर ती सुटून जिभेवर येते. प्रत्येक पीचच्या तळाला सुरीनं उथळ फुली मारा. पातेल्यात पाणी खळखळ उकळवा, त्यात पीच तीस ते पंचेचाळीस सेकंद ठेवा आणि झाऱ्यानं काढून लगेच गार पाण्यात टाका. फुलीच्या टोकाशी साल वळून येते, तिथं धरून ओढली की पट्ट्या सुटत जातात. सुटत नसेल तर फळ कच्चं आहे. मग सरळ सुरीनं सोला.

फळाच्या अंगावर एका बाजूनं खाच असते. त्या रेषेवरून आठीपर्यंत सुरी फिरवा, दोन्ही अर्धी हातात धरून उलट्या दिशांना पिळा. काही जातींत आठी सहज सुटते, काहींत गर तिला घट्ट चिकटलेला असतो. चिकटलेली असेल तर झटापट नको, आठीच्या बाजूबाजूनं फोडी कापत जा. बोटाच्या जाडीच्या फोडी करा. आठी फोडून आतली बी मात्र वापरू नका. तिच्यात असं द्रव्य असतं की पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड तयार होतं.

आता फोडी, गूळ, लिंबाचा रस आणि कॉर्नफ्लॉर पातेल्यात एकत्र करून मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं ठेवा. फळाला पाणी सुटेल, गूळ विरघळेल आणि रस चमच्याच्या पाठीला पातळसा चिकटायला लागेल. तिथंच गॅस बंद करा. जॅम करायचा नाही. ही पायरी गाळून कच्च्या फोडी घातल्या तरी कॉबलर होतं, पण आपल्या पीचला किती पाणी सुटेल याचा भरवसा नसतो. आधी शिजवलं की ते डोळ्यांना दिसतं. रस फारच सुटला तर फोडी तेवढ्या घ्या आणि अर्धा रस वाटीत बाजूला ठेवा, खाताना वरून घालायला येतो.

पीठ आणि लोणी

ओटीजी, म्हणजे घरगुती विजेची छोटी भट्टी, १८० अंशांवर तापत ठेवा. वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, जाळी मधल्या खाचेत.

मैदा, बेकिंग पावडर, मीठ आणि जायफळ एकत्र चाळून घ्या. त्यात साखर मिसळा, दूध घाला आणि गाठी मोडेपर्यंतच हलवा. फेटत बसलात तर पीठ चिवट होतं. भज्याच्या पिठाहून सैल आणि धिरड्याच्या पिठाहून जरा दाट असं ते हवं. घरी म्हशीचं दूध असेल, आणि कोल्हापुरात बहुतेक असतंच, तर ते दाट असल्यानं एक-दोन चमचे जास्त लागेल.

लोणी भांड्यात घालून भांडं ओटीजीत ठेवा. पाच-सात मिनिटांत ते वितळून कडेला बुडबुडे यायला लागतात. तिथून हलू नका, लोणी करपायला वेळ लागत नाही. भांडं ॲल्युमिनियमचं किंवा स्टीलचं असेल तर उत्तम. काचेचं असेल तर भट्टीत वापरायच्या काचेचंच घ्या आणि पीठ गार नसल्याची खात्री करा, तापल्या काचेवर गार काही पडलं की ती तडकते.

भांडं बाहेर काढा आणि पीठ मधोमध एकसारखं ओता. लोणी कडेनं वर येईल, पिठावर पिवळी तळी साचतील. हे बिघडलेलं नाही. आता डावानं फोडी रसासकट पिठावर सगळीकडं पसरा. आणि इथंच थांबा.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आगं, आता तरी ढवळ की! लोणी सगळं वर तरंगाय लागलंय." मलाही ते खरं वाटलं आणि मी चमचा फिरवला. निघाला तो एकसारखा, जड, ओलसर गोळा, त्यात फोडी कुठं दिसेनात. पुढच्या वेळी दोघींनी हात बांधून ठेवले. वीस मिनिटांनी काचेतून बघतो तर फोडी खाली गेलेल्या आणि त्यांच्या मधून पीठ वर आलेलं, कडेला लोण्यात तळल्यासारखं कुरकुरीत. सासूबाई लगेच म्हणाल्या, "पुढच्या येळंला मी करतो."

होतं असं की, बेकिंग पावडरच्या वायूनं पीठ हलकं होऊन वर चढतं आणि जड फळ त्यात बुडतं. कडेचं लोणी पिठाच्या काठाला तळून काढतं. वर कुरकुरीत, मध्ये मऊ आणि तळाशी रसाळ हे तीन थर आपोआप जमतात, पण थर मोडले नाहीत तरच. ढवळलं की सगळं एक होऊन जातं.

भाजणं

भांडं पाऊण भरेल एवढंच भरा आणि जाळीखाली एक ताट सरकवून ठेवा, फक्त ते खालच्या कॉइलला टेकू देऊ नका. रस उतू गेला तर तो कॉइलवर जळतो आणि घरभर धूर होतो. चाळीस ते पन्नास मिनिटं लागतात. पहिली तीस मिनिटं दार उघडायचं नाही. आजरा-चंदगडचा काजू घरात असेल तर तिसाव्या मिनिटाला मूठभर तुकडे वर भुरभुरवा, आधी घातले तर करपतात.

झालं कधी समजायचं? वरचा रंग गडद सोनेरी, कडा भांड्यापासून सुटलेल्या आणि कडेनं फुटणारा रस पातळ पाण्यासारखा न उकळता जाडसर बुडबुड्यांनी उकळणारा. सळई फळात नको, फुगलेल्या पिठात मधोमध खुपसा. ओलं पीठ चिकटलं तर अजून सात-आठ मिनिटं. रंग आधीच आला असेल तर वर फॉइल ठेवा.

पावसाळ्यात मध्येच वीज गेली तर घाबरू नका. दार बंद ठेवा, दहा-पंधरा मिनिटं आतली ऊब पुरते. त्याहून जास्त वेळ गेली आणि भांडं काचेचं नसेल, तर ते सरळ खाली सांगितलेल्या तापलेल्या कढईत हलवा.

ओटीजी नसेल तर

जाड बुडाची मोठी कढई घ्या, तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा आणि झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. लोणी वेगळ्या पळीत वितळवून ॲल्युमिनियमच्या डब्यात ओता, पुढची कृती तीच. काचेचं भांडं इथं अजिबात नको. झाकणाला आतून सुती कापड बांधा म्हणजे वाफेचं पाणी पदार्थावर ठिबकणार नाही. कापडाची टोकं वर घेऊन गाठ मारा, ज्योतीजवळ लोंबू देऊ नका. मंद आचेवर पंचावन्न मिनिटं ते एक तास लागतो. वरचा रंग फिका राहतो, चव तीच.

आणखी एक वाट आहे. दिवाळीत आपण नानकटाईचे ट्रे गल्लीतल्या बेकरीत भाजायला नेतो, तसं ओळखीच्या बेकरीवाल्याला विचारून बघा. बेकरीची भट्टी ओटीजीपेक्षा जास्त तापलेली असते, म्हणून तिथं पंचवीस मिनिटांपासूनच लक्ष ठेवायला सांगा.

पीच नसतील तेव्हा

डबाबंद पीच वर्षभर मिळतात. पाक पूर्ण निथळा, फळातला गूळ वगळा आणि लिंबाचा रस दुप्पट करा, कारण त्यांत आंबटपणा उरलेला नसतो. हापूस यात विरघळून जातो, वापरू नका. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी छान लागते, पण तिला पाणी फार सुटतं, तेव्हा कॉर्नफ्लॉर चार छोटे चमचे. अननस पाच मिनिटं जास्त शिजवून घ्या.

वाढणं आणि उरलं तर

भट्टीतून काढल्याबरोबर डाव घालू नका. वीस मिनिटं ठेवा, रस तेवढ्या वेळात दाट होतो आणि तोंडही भाजत नाही. वडीसारखं कापायचं नाही, खोल डावानं तळापासून उचलून वाटीत वाढायचं. वर व्हॅनिला आइस्क्रीम घालायची तिकडची रीत आहे. आमच्याकडं मात्र गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून आणलेलं म्हशीचं दूध तापवून, रात्रभर ठेवून काढलेली जाड साय, चमचाभर साखर घालून फेटलेली, गरम कॉबलरवर घालतो. ती कडेनं वितळत फळाच्या रसात उतरते, आणि वाटी कुणी खाली ठेवत नाही.

उरलं तर झाकून फ्रिजमध्ये, दोन दिवसांपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर वरचा थर नरम पडतो. त्यापेक्षा तवा मंद आचेवर ठेवून त्यावर स्टीलच्या ताटलीत दहा मिनिटं, झाकण न लावता.