कुत्र्याच्या पोटाचं जुनाट दुखणं घरी कसं सांभाळायचं

कचऱ्यात तोंड घातलं, एक दिवस जुलाब झाले आणि दुसऱ्या दिवशी स्वारी परत उड्या मारतेय, तर काळजीचं कारण नाही. पण उलट्या, पातळ शी, खाण्यावरून मन उडणं, वजन उतरणं यातलं काही ना काही तीन आठवड्यांच्या वर चाललं, किंवा थांबून थांबून परत येत राहिलं, की डॉक्टर त्याला जुनाट आजारात धरतात. आमची चिंगी त्यातलीच. तिचं पोट कायमचं बरं होणार नाही, आटोक्यात मात्र राहू शकतं, हे आम्ही स्वीकारलंय. निदान आणि औषध डॉक्टरांनी ठरवायचं. मी लिहितेय ते घरात काय करायचं त्याबद्दल.

सुरुवात वहीपासून करा. मोबाइलमध्ये नको, कारण मोबाइल एकाचा असतो. वही पेनासकट फ्रिजला टांगा, म्हणजे ज्याने कुत्र्याला बाहेर नेलं त्याने परत आल्याआल्या लिहायचं. शीचा घट्टपणा आकड्यात लिहा. 1 ते 7 ची एक पट्टी डॉक्टर वापरतात: 1 म्हणजे कडक सुक्या गोळ्या, 2 म्हणजे घट्ट, उचलली तर जमिनीवर फारसं काही राहत नाही अशी, आणि 7 म्हणजे नुसतं पाणी. 2 उत्तम. आकडा लिहायला लागल्यापासून आमच्याकडचं "आज बरी होती", "कसली बरी, पातळच होती" हे भांडण मिटलं.

किती वेळा आणि किती, हेही लिहाच. दिवसातून दोन-तीनदाच पण भरपूर होते आणि वजन उतरतंय, तर दुखणं बहुधा लहान आतड्यात असतं. थोडीथोडी, सारखी, कुंथत, आव पडून किंवा वर ताजं लाल रक्त दिसून होत असेल, तर मोठ्या आतड्यात. डॉक्टरांच्या पुढच्या तपासण्या बऱ्याचदा एवढ्या माहितीवरून ठरतात.

उलटीचा व्हिडिओ काढा. विचित्र वाटेल, पण उपयोग होतो. पोट आत-बाहेर ओढून, उमाळे येऊन पडते ती उलटी. नुसती मान खाली गेली आणि न पचलेलं अन्न सरळ बाहेर आलं, तर दोष अन्ननलिकेत असू शकतो, आणि त्याचा तपास वेगळा. वजन आठवड्यातून एकदा. आधी कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. केसाळ कुत्रा डोळ्यांना जाडच दिसतो, म्हणून बरगड्यांवरून आणि पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवून पाहा.

ही वही घेऊन दवाखान्यात जा. सहसा शीची तपासणी, जियार्डियासारखे परजीवी, रक्तातलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि बी-12 जीवनसत्त्व, स्वादुपिंडासाठी टीएलआय नावाची रक्ततपासणी, ॲडिसनचा आजार (शरीरात कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं कमी पडणं) नाही ना हे पाहायला कॉर्टिसोल, मग सोनोग्राफी असा क्रम असतो. जात कोणती यालाही अर्थ आहे: जर्मन शेफर्डमध्ये स्वादुपिंडाचं पाचक रस बनवणंच कमी पडल्याचं जास्त आढळतं, यॉर्कशायर टेरियरमध्ये आतड्यातून प्रथिनं गळण्याचा आजार. एन्डोस्कोपी (दुर्बिणीने आत पाहणं) आणि बायोप्सी (आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणं) बऱ्याचदा नंतर. कुत्रा फार खंगलेला नसेल आणि अल्ब्युमिन ठीक असेल, तर आधी खाणं बदलून बघतात. "एवढा आजारी आहे आणि नुसतं खाणंच काय बदलताय?" असं मनात येतं. पण अशा कुत्र्यांमध्ये सगळ्यात मोठा गट नुसत्या खाण्याच्या बदलाने सुधारणाऱ्यांचाच असतो.

खाण्याची परीक्षा

ही परीक्षा कुत्र्याची कमी आणि घरच्यांची जास्त. डॉक्टर एक तर हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं खाणं देतात, म्हणजे प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर बिथरत नाही. नाहीतर कुत्र्याने आयुष्यात कधी न खाल्लेलं प्रथिन निवडतात. कातडीच्या ॲलर्जीत अशी परीक्षा आठ आठवडे चालते. पोटाच्या दुखण्यात फरक पडायचा असेल तर बहुतेकदा दोन आठवड्यांत दिसतो. तेवढ्या काळात दुसरा कणही पोटात जायला नको. ट्रीट्स बंद, दातांसाठीच्या चघळायच्या कांड्या बंद, चवीची टूथपेस्ट बंद. जंताची किंवा गोचिडाची गोळी मांसाच्या चवीची असेल, तर ती कधी द्यायची ते डॉक्टरांना विचारा. मांजराची वाटी उंचावर ठेवा. लहान मूल जेवत असेल तेव्हा कुत्रा दुसऱ्या खोलीत.

खरी अडचण असते ती प्रेमाने भरवणाऱ्यांची. माझ्या सासऱ्यांना "काही देऊ नका" म्हणून उपयोग नव्हता, कारण चिंगीला हाताने काहीतरी देणं हा त्यांच्या संध्याकाळचा भाग आहे. मग आम्ही सकाळीच दिवसभराचं खाणं मोजून एका डब्यात काढायला लागलो आणि त्यातली मूठभर त्यांच्या खुर्चीशेजारच्या छोट्या डबीत. द्यायचं ते त्यातूनच. डबीचं झाकण वाजलं की ती येऊन बसते. तेच दाणे वाटीत असले की दुर्लक्ष करते, त्यांच्या हातून मात्र मेजवानी. बंदी घालण्यापेक्षा वाटा ठरवून देणं सोपं जातं.

आणि एका वेळी एकच बदल. नवं खाणं, प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंचं औषध) आणि गोळी एकाच दिवशी सुरू केली, तर बरं कशाने वाटलं ते कोणालाच कळणार नाही आणि पुढे सगळंच चालू ठेवावं लागेल. कुत्र्याची तब्येत नाजूक असेल तर डॉक्टर दोन-तीन गोष्टी एकदम सुरू करतात, तो भाग वेगळा.

औषधं

प्रेडनिसोलोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) सुरू झालं की पाणी, शू, भूक आणि धापा वाढणार. ते धरून चाला, बाहेर नेण्याच्या वेळा वाढवा. ते मनाने एकदम बंद करायचं नाही, डोस हळूहळू उतरवतात. त्याच्याबरोबर सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत, आणि माणसांची आयबुप्रोफेन तर कुत्र्याला कधीच नाही. जुलाब थांबवायला लोपेरामाइडही आपल्या मनाने नको. कोली आणि त्यासारख्या काही जातींत जनुकीय दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोहोचतं. मागच्या वेळची उरलेली मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकची पट्टी "तेव्हा गुण आला होता" म्हणून काढू नका. आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंची घडी तिने विस्कटते, म्हणून डॉक्टरही आता ती पूर्वीसारखी सरसकट देत नाहीत. स्वादुपिंडाची पावडर दिली असेल तर ती प्रत्येक जेवणात, एकही न चुकवता.

वाट न बघता निघायचं कधी? शी काळी, डांबरासारखी. उलट्या थांबत नाहीत, पाणीही टिकत नाही. हिरड्या पांढऱ्या पडल्यात. पोट फुगलंय आणि उमाळे येऊनही काही पडत नाही. श्वास जड झालाय किंवा कुत्रा उठतच नाही. यातलं एक पुरे.

त्याचे दिवस, तुमच्या रात्री

कुत्र्याला मळमळ किंवा पोटदुखी बोलून दाखवता येत नाही. सारखं ओठ चाटणं, आवंढे गिळणं, पुढचे पाय पसरून छाती जमिनीला आणि मागचा भाग वर, हे सगळं त्याचं सांगणंच आहे. घरात शी झाली म्हणून रागावू नका. आतड्याला सूज असताना रोखून धरणं त्याच्या हातात नसतं. जुन्या चादरी धुऊन तयार ठेवा, शेपटीखालचे केस कापून घ्या, दर वेळी कोमट पाण्याने पुसून टिपून कोरडं करा, नाहीतर कातडी सोलवटते.

आता माणसांचं. अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या मेरी बेथ स्पिट्झनेगल यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवून दिलं की दीर्घ आजारी प्राणी सांभाळणाऱ्यांना निरोगी प्राण्यांच्या मालकांपेक्षा ताण जास्त असतो, उदासी आणि चिंतेची लक्षणंही जास्त. रात्री दोनला फरशी पुसणाऱ्याला हे नवं नाही, पण "कुत्रंच तर आहे" म्हणणाऱ्यांना ऐकवायला बरं पडतं. रात्रीच्या पाळ्या लावा आणि ज्याची पाळी नाही त्याने खरंच झोपायचं, दार लावून. दोन दिवस बाहेर जायचं असेल तर सांभाळणाऱ्यासाठी एका कागदावर खाण्याचं माप, औषधांच्या वेळा, काय द्यायचं नाही आणि डॉक्टरांचा नंबर लिहून ठेवा, आणि जा.

जमत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. "दिवसातून तीनदा गोळी देणं नोकरीमुळे होत नाही, दोनदाची सोय आहे का?" किंवा "खर्च इथपर्यंतच झेपेल, आधी कोणती तपासणी करू?" हे विचारायला मला फार अवघड वाटायचं. पण चिंगीचं बी-12 इंजेक्शनाऐवजी गोळीने चालतं हे मला तसं विचारल्यावरच समजलं.